उत्तरेला

शाळेला सुट्टी वैशाखात,
म्हणून आम्ही येतो वैशाखात,
जेव्हा ज्यांना परवडतं ते इथून निघून जातात.
तीस दिवसांचा व्हिसा, शारजात महिनाभराची उसनी खोली,
आणि एका शुक्रवारी षण्मुखनची कोरोला, तीही उसनीच.
हे म्हणाले, उत्तरेला जाऊ. रस्ता संपेस्तोवर.

निशूच्या भूगोलात उत्तरेला थंडी असते.
त्याने कुणाला न सांगता पिशवीत स्वेटर कोंबला,
मी विणलेला, निळा, एक बाही आखूड.

पहाटे पाचला निघालो तरी काचा कोमट.
टॉवेलात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या,
डब्यात घावणे, लसणीची चटणी.
हे बारा वर्षं लोकांचे एसी दुरुस्त करतायत,
आणि या गाडीचा एसी
उम्म अल कुवैनला खोकला,
रास अल खैमाला गप्प झाला.
गॅस गेला, म्हणाले,
डॉक्टर नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतो त्या आवाजात.
स्टीअरिंगवर हात ठेववेना.
तेव्हा मागच्या सीटवरून स्वेटर पुढे आला.
यांनी आधी निशूकडे पाहिलं,
मग चाकाला स्वेटर गुंडाळला
आणि लोकरीचं वळण घेत आम्ही चाललो.

उजवीकडे डोंगर.
झाड नाही, गवत नाही, सोलून ठेवल्यासारखे.
हर्षाली म्हणाली, आई, यांच्यावर सावलीसुद्धा घसरते.
डावीकडे समुद्र, दुधात राख कालवल्यासारखा.
अर-रम्सजवळ खारफुटी दिसली,
आणि मी उगाच पदर सावरला,
माहेरचं कुणी भेटल्यासारखा.

शाम नावाचं गाव. दुपार. सगळी दारं मिटलेली.
बंदरावर तारेचे सापळे एकावर एक,
कोंबड्यांच्या डालग्यांसारखे,
पण निशू आत उभा राहील एवढे.
राहिलाच उभा. हर्षालीने फोटो काढला.
ताडपत्रीवर तारल्या वाळत होत्या.
मी एक उचलून नाकाशी नेली.
माझा जन्म हर्णैचा. सासरी, चिपळूणच्या सोसायटीत,
सुकट भाजायची तर मी आधी खिडक्या लावते.
इथे अख्खं गाव उघड्यावर वास घेऊन झोपलेलं.
जाळं सांधणारा मोनिरुल हसला,
कॉक्स बाजारचा, दात पांढरे, बोटं फाटलेली.
ले जाओ दीदी, म्हणाला,
आणि वर्तमानपत्रात ओंजळभर बांधून दिल्या.
पैसे घेईना. मी दोन घावणे दिले.
त्याने ते उन्हाकडे धरून भोकं पाहिली.

पुढे दहा मिनिटांवर रस्ता संपला.
म्हणजे रस्ता संपला नाही,
एक चौकी आली, एक फाटक, वर दुसऱ्या देशाचा झेंडा,
आणि रस्ता फाटकाखालून निघून
डोंगराला वळसा घालून गेला.
पलीकडे अजून गावं आहेत, हे म्हणाले.
बुखा, खसब. तिथे डोंगर पाण्यात उभे आहेत म्हणे.
तुम्ही पाहिलंय?
नाही.
तुमचा व्हिसा एकदाच आत येण्याचा,
बाहेर पाऊल टाकलं तर संपला.
हे त्यांना निघतानाच ठाऊक होतं.
निशूने विचारलं, मग ही उत्तर नाही?
हे बराच वेळ झेंड्याकडे बघत राहिले.
इथवर आहे, म्हणाले.

परतताना मुलं झोपली, घामाने केस कपाळाला चिकटून.
मागे डिकीत तारल्या, सबंध गाडी हर्णै.
षण्मुखन काय म्हणेल, मी म्हटलं.
तो आलप्पीचा आहे, हे म्हणाले. काही म्हणणार नाही.

आम्ही घरी आलो जूनमध्ये.
बॅगा उपसल्या, स्वेटर सापडेना.
रविवारी व्हिडिओवर विचारलं.
यांनी फोन फिरवला.
सहा जणांची खोली, वरची खाट, डोक्यावर एसी.
रात्री फार गार पडतं गं इथे, म्हणाले,
आणि पायांवरचा निळा स्वेटर
आखूड बाहीकडून ओढून घेतला.